एका बोळातले सात धुडकू

थंडी सरत आली, की आमच्या जळगावच्या कॉलनीत कुठल्या तरी गच्चीवरून वांगी भाजल्याचा वास येतो आणि मी हातातलं काम टाकून खिडकीशी जाऊन उभी राहते. भरताची हिरवी, दांडगी वांगी. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर ती भाजली की साल काळी पडून तडकते, आणि आतला गर धूर पिऊन बसतो. गॅसवर भाजलेल्याला आम्ही भरीत म्हणत नाही. सौजन्य म्हणून खातो, एवढंच.

यंदा त्या वासात एक बातमीही आली. शिपाई वर्गावर्गातून सांगत फिरला, की जनगणना लागणार आहे, शिक्षकांची नावं मागवली आहेत. साऱ्या स्टाफरूमने कपाळाला हात लावला. मी मात्र मनातून हरखले आणि लगेच हिरमुसलेही, कारण निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या बाईचं नाव यादीत कोण घालणार? आता म्हणे सगळं मोबाइलवर भरायचं आहे. भरोत बापडे. मला काळजी वेगळीच आहे. त्या मोबाइलमध्ये धुडकूआबा बसतील का?

सांगते.

एक्क्याण्णव साली मी तेवीस वर्षांची होते. अमळनेरला प्राथमिक शाळेत नुकतीच लागले होते. माहेर बोदवडचं, त्यामुळे जिल्हा एक असला तरी बोली वेगळी. अमळनेरच्या बायका आपसात बोलायला लागल्या, की मी पाहुण्यासारखी नुसती हसत बसायची. निंबाच्या बोळात एक खोली घेतली होती. खोलीत एक स्टोव्ह, एक खाट आणि आईने दिलेला लोणच्याचा बरणीभर धाक. 'वेळेवर जेव' असं पत्रातून दर आठवड्याला येई. मी बहुतेक वेळा पोहे खाऊन झोपे. बोळातली पाच-सहा तोंडं ओळखीची झाली होती, नावं मात्र कुणाचीच धड ठाऊक नव्हती. मी कुणाला 'अहो काकू' म्हणे, त्या मला 'बाई' म्हणत, आणि व्यवहार भागे.

अशात प्रगणक म्हणून माझी नेमणूक झाली आणि नेमका हाच बोळ वाट्याला आला. हातात कागदांचा गठ्ठा, सूचनांची पुस्तिका, गळ्यात शबनम. सकाळची शाळा आटोपली की दुपारभर मोजणी. तो फेब्रुवारी अजून अंगावर आहे माझ्या. सकाळी स्वेटर, दुपारी घाम. रस्त्यानं कापसाच्या गाड्या जायच्या आणि बाभळीच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकून राहायचे. तेलाच्या गिरण्यांकडून वारा आला की साऱ्या गावाला खमंग वास यायचा. अंगणात खाटांवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळत घातलेले असायचे, आणि वाळायच्या आत निम्मे पोरांच्या पोटात गेलेले असायचे. मीही दोनचार खाल्ले आहेत, आता कबूल करायला हरकत नाही.

पहिल्या दिवशी पहिल्याच घरी माझी फजिती झाली. घरातल्या बाईने दार अर्धं उघडलं, माझ्या कागदांकडे पाहिलं आणि मालक घरी नाहीत म्हणून लावून घेतलं. दुसऱ्या घरी तेच. मी ओट्यावर उभी. तेवढ्यात मारुतीच्या देवळाकडून एक उंच, वाळका म्हातारा आला. डोक्याला फिकट गुलाबी फेटा, हातात काठी, पण ती टेकायला नाही, दारं वाजवायला. त्याने काठीने दाराची चौकट दोनदा ठोकली आणि साऱ्या बोळाला ऐकू जाईल असा आवाज दिला.

"बाई उनी शे. घरमा जितला जेवतस तितला सांगा. एक बी दपाडू नका." दपाडू म्हणजे लपवू, हे मला मागाहून कळलं.

दार उघडलं. नुसतं उघडलं नाही, पाटही आला आणि पाण्याचा तांब्याही आला. हे आबा. बोळातली लहानथोर सगळी त्यांना आबाच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचं दुसरं काही नाव असेल असा विचार माझ्या डोक्यात आला नाही, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

आबांचं काम होतं आवतण देणं. बोळात लग्न असो, बारसं असो, भजनाचा भंडारा असो, चाळीस दारांना निरोप आबांनी द्यायचा. हे काम तसं वाटतं तेवढं सोपं नाही. आवतण दोन तऱ्हेचं असतं. एक माणसाला, म्हणजे घरातल्या एकाने जेवायला यायचं. दुसरं चुलीला. चुलीला आवतण म्हणजे सगळ्या घराला. त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही, पेटली तर तो यजमानाचा अपमान. एव्हाना दोनचार घरांत गॅस आला होता, माझ्यासारखीकडे स्टोव्ह होता, पण आबा शेगडीसमोर उभे राहूनही 'चुल्हाले आवतन शे' असंच म्हणायचे. कुठे माणसाला सांगायचं आणि कुठे चुलीला, यात चूक झाली तर पिढ्यान् पिढ्यांची बोलणी बंद होतात. आबांची चूक कधी झाली नव्हती.

त्यामुळे आबांना सगळं पाठ होतं. कुठल्या घरात किती पानं पडतात, कुठला मुलगा सुरतेला कामाला गेलाय, कुठली सून बाळंतपणाला गेलीय, सगळं. बायका नवऱ्याचं नाव घ्यायला लाजत, तेव्हा ओट्यावरून आबा ते नाव सांगून मोकळे होत. एका घरी दोन भाऊ मला छातीठोक सांगत होते, की आम्ही एकत्र आहोत. बाहेर आल्यावर आबा हळूच म्हणाले, की इथे दोन आवतणं द्यावी लागतात. मी परत आत गेले. धाकटी सून पदर चेहऱ्यावर ओढून हसत होती. चुली दोन होत्या.

म्हाताऱ्यांचं वय काढणं हा एक वेगळाच सोहळा असायचा. बोरी नदीला मोठा पूर आला तेव्हा मी रांगत होतो, म्हणायचे. मग त्या पुराच्या वेळी दुसऱ्या कुणाचं लग्न झालं होतं, त्यावरून वाद. ओट्यावर दहा माणसं जमायची, एकाचं वय ठरवायला. बायकांना काम विचारलं तर बिबड्याचं पीठ घोटता घोटता सांगायच्या, काही नाही, घरीच असते. शेतात जाऊन कापूस वेचणारीसुद्धा हेच सांगायची. पुस्तिकेत लिहिलं होतं की घरच्या शेतातलं बिनमजुरीचं कामही काम धरा, आणि मी मास्तरीण. दटावून लिहून घ्यायचे.

आणि प्रत्येक घरी खाणं. नाही म्हटलं की घर रागवायचं. माझ्या स्टोव्हवर त्या वीस दिवसांत फक्त चहा झाला. आईला पत्रात लिहिलं, की वेळेवर जेवते आहे. पहिल्यांदाच ते खरं होतं.

गणना सरत आली, तेव्हा मी माझे कागद घेऊन पर्यवेक्षकांकडे गेले. ते दुसऱ्या एका शाळेचे मुख्याध्यापक होते. पान लावावं तितक्या सावकाश कागद तपासायचे. तपासता तपासता ते थांबले. मागे गेले. पुन्हा पुढे आले.

"बाई, या बोळात धुडकू किती आहेत?"

मी म्हटलं, असेल एखादा. त्यांनी सात कागद बाजूला काढून माझ्यापुढे ठेवले. धुडकू पाटील. धुडकू चौधरी. धुडकू बडगुजर. धुडकू महाजन. धुडकू शिंपी, धुडकू सोनार, धुडकू माळी. साती पुरुष, साती विधुर, वय साठापासून पंचाहत्तरापर्यंत घर बदलेल तसं. आणि कुटुंबप्रमुखाशी नातं: कुठे काका, कुठे मामा, कुठे नुसतं 'घरचेच'.

मी बोळात परतले ती धावतच. इंदूअक्का पाटील अंगणात खाट झटकत होत्या. त्यांना विचारलं, तुमच्या घरचे धुडकूकाका कोण? त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जसं काही मी मारुती कोण असं विचारलं होतं. म्हणाल्या, अहो, आबा.

मग सगळं उलगडलं. आबा तरुणपणी सातपुड्याच्या पायथ्याकडून इथे कामाला आले होते. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, गावाकडचं कुणी उरलं नाही. देवळाला लागून भजनी मंडळाचे मृदंग-टाळ ठेवायची खोली होती, तिच्यात ते राहत. आणि जेवत ते सात घरी, वार लावून. सोमवार पाटलांकडे, मंगळवार चौधरींकडे, असं आठवडाभर. ही रीत इतकी जुनी, की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. मी विचारलं, घरात जेवणारी माणसं किती, आणि साती घरांनी आबांना धरून सांगितलं. आडनाव कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ज्याने त्याने आपलं दिलं. यात कुणी खोटं बोललं, असं मला तेव्हाही म्हणवलं नाही.

पर्यवेक्षक गुरुजी वाईट माणूस नव्हते, पण त्यांचं गणित सरळ होतं. पुस्तिकेतलं वाक्य त्यांनी मला बोट ठेवून वाचायला लावलं: एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं अन्न खाणारी माणसं म्हणजे कुटुंब. आबा राहतात देवळात आणि खातात सात ठिकाणी. तेव्हा एक तर सातांतलं एक घर पक्कं करा आणि बाकी सहा ठिकाणी काट मारा. नाहीतर शेवटच्या दिवशी एसटी स्टँडवरची, देवळाच्या पायऱ्यांवरची माणसं मोजतात, त्या बेघरांच्या यादीत घाला.

हे मी आबांना सांगितलं. म्हणजे सांगावं लागलं. देवळाच्या ओट्यावर ते वाती वळत बसले होते. पुस्तिकेतलं ते वाक्य मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी ते ऐकलं आणि एकच शब्द परत विचारला. बेघर? मी मान हलवली. चाळीस घरांची दारं ज्यांच्या काठीला ओळखायची, त्या माणसाचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. सरकारी शब्द कागदावर किती साधे दिसतात आणि माणसापुढे उच्चारले की जीभ कशी जड होते, हे मला तेव्हा कळलं. मला स्वतःची फार लाज वाटली.

संध्याकाळी साती घरं ओट्यावर जमली. भांडणच झालं म्हणा ना, पण असं भांडण मी पुन्हा पाहिलं नाही. पाटील म्हणाले, आमच्याकडे लिहा, सर्वांत जुना वार आमचा. चौधरींचं म्हणणं, मागच्या दुखण्यात महिनाभर पेज आमच्या घरची. सोनारांच्या म्हातारीने तर सांगून टाकलं, की दुसरीकडे लिहिलं तर माझंही नाव खोडा. शेवटी नानांनी, म्हणजे त्या पाटलांनीच, निवाडा आबांवर सोडला. आबा, तुम्ही बोट दाखवाल ते घर.

आबा कितीतरी वेळ काठीने जमिनीवर रेघा ओढत राहिले.

"मी बठ्ठास्ना शे," ते म्हणाले. "एकना घरमा कसा बसू?"

आणि उठून खोलीत गेले.

खरंच आहे, ते सगळ्यांचे होते. एका घराकडे बोट दाखवायचं म्हणजे सहा घरांकडे पाठ करायची. ज्याने जन्मभर चाळीस घरांत चूक होऊ दिली नाही, तो माणूस हे कसं करणार? आम्ही सगळे खाली मान घालून आपापल्या घरी गेलो. मोजणीचा एकच दिवस हाताशी होता.

दुसरा दिवस पाटलांच्या वाराचा. वेळ टळली तरी आबा जेवायला आले नाहीत. इंदूअक्का तीनदा बोळाच्या तोंडाशी जाऊन आल्या. मी शाळेतून येतच होते. अक्कांच्या पाठोपाठ मीही देवळाकडे निघाले. तोच पोरं ओरडत आली, की देवळातून धूर निघतोय.

धूर देवळातून नव्हता, खोलीतून होता. टाळ-मृदंग बाहेर पारावर मांडून ठेवले होते. आत तीन दगड मांडलेले, खाली पऱ्हाट्या फुरफुरत होत्या, वर भजनी मंडळाचं प्रसादाचं पातेलं, त्यात खिचडी. करपलेली. आबांचे डोळे धुराने लाल झाले होते आणि फेट्यावर राख होती. मला पाहिल्यावर ते म्हणाले, "आते लिखा, बाई. चुल्हा पेटना." म्हणजे चूल पेटली.

पुस्तिकेतलं वाक्य त्यांनी माझ्याहून नीट ऐकलं होतं. जिथे चूल, तिथे कुटुंब. मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि नवा कागद काढला. कुटुंबप्रमुख: धुडकू सुपडू. आडनाव विचारलं, तर हसून म्हणाले, राहू द्या, सात वापरून झाली. कुटुंबातली एकूण माणसं: एक. देवळाच्या नंबराखाली गेरूने 'अ' काढून मी त्या खोलीला नंबर दिला. आधीचे सात कागद मात्र ज्याचे त्याच्या घरी जाऊन दुरुस्त केले.

आता यात सगळे खूश व्हायला हवे होते. गुरुजी झाले. म्हणाले, झालं, चूल एक, माणूस एक, नाव एक. बोळ मात्र नाही झाला. चूल पेटली म्हणजे वार सुटले. आबा म्हणू लागले, आता लिहून दिलंय, सरकारशी खोटं कसं वागायचं? आणि रोज तीच करपट खिचडी. इंदूअक्का मला अंगणात गाठून म्हणाल्या, "सोमवारनी भाकर आते कोनले वाढू?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रोख माझ्यावर होता. मी मोजायला गेले आणि चाळीस घरांच्या बोळात एक माणूस एकटा करून आले, असं वाटायला लागलं.

होळी त्या वर्षी गणनेच्या शेवटाला खेटूनच आली. होळीनंतर दोनचार दिवसांनी बोळाचं भरीत ठरलं, हंगामातलं शेवटचं. नेहमीप्रमाणे आबा काठी घेऊन आवतणाला निघाले आणि चाळीस दारं करून आपल्या खोलीत जाऊन बसले. दुपारी अंगणात पऱ्हाट्यांचा जाळ झाला. वांगी भाजली, बडगीत, म्हणजे लाकडी कुंडीत, हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचली, पुऱ्या लाटायला बायकांची रांग बसली. पाटावर पुरी लाटता लाटता इंदूअक्का एकदम थांबल्या. म्हणाल्या, आबांच्या चुलीला आवतण कुणी दिलं?

सगळ्यांची लाटणी थांबली. कुणीच नव्हतं दिलं. आजवर द्यावंच लागलं नव्हतं. जो आवतण देत फिरतो, तो आलेलाच असतो. पण आता त्या खोलीला नंबर होता, चूल होती, आणि चुलीला बोलावल्याशिवाय घर जेवायला येत नाही.

अक्कांनी तांदळाचे चार दाणे कुंकवात माखले आणि माझ्या हातावर ठेवले. तू लिहिलीस ना ती चूल, मग तूच जा. बोळात आल्यापासून मला पहिल्यांदाच कुणी 'तू' म्हटलं होतं.

मी गेले. दार उघडंच होतं. आबा चुलीवर पातेल्यात पाणी ठेवून तांदूळ निवडत होते. मी आबांसारखीच चौकट दोनदा ठोकली, हाताने. त्यांनी वर पाहिलं. वीस दिवस त्यांच्या मागे फिरताना ऐकलेले शब्द मी म्हणायला लागले, माझ्या बोदवडी तोंडाने, अडखळत. दुपारले भरीतनं जेवन शे, आबा. आवतन शे.

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. उठले, फेटा नीट केला. मग दारात येऊन, घरधन्याने विचारायचं तसं, अगदी रीतीने त्यांनी मला विचारलं.

"एकले का चुल्हाले?"

खोलीत माणूस एकच होता. मीच लिहिला होता.

"चुल्हाले," मी म्हटलं.

आबांनी माझ्या हातातले दाणे घेऊन कपाळाला लावले, मागे वळले, पातेलं उचललं आणि ते पाणी चुलीवर ओतलं. चर्र झालं, राखेचा वास खोलीभर पसरला. मग त्यांनी काठी घेतली, दाराला कडी घातली, आणि आम्ही दोघं जेवायला गेलो. पुढच्या सोमवारपासून रोज सकाळी बोळातलं एक घर त्या दारात येऊन चुलीला बोलावू लागलं. पाळीने, सात घरं. मी जळगावला बदलून जाईपर्यंत ती चूल पुन्हा पेटल्याचं मला आठवत नाही. आठवं घर माझं होतं. स्टोव्हचं, एका माणसाचं. माझ्या घराला वार नव्हता, म्हणून आबा जेवायला मला सणासुदीचे दिवस देत.